हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आल्यावर: पहिल्या रिपोर्टपासून रोजच्या गोळीपर्यंत

रक्तदान शिबिर, गरोदरपणातल्या तपासण्या, हर्नियाच्या ऑपरेशनआधीचं रक्त, आखाती देशातल्या नोकरीसाठीची मेडिकल. हिपॅटायटिस बी बहुतेकांना असा दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त दिल्यावर सापडतो. काही दुखत नसतं, डोळे पिवळे नसतात, आणि रिपोर्टवर मात्र ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' छापलेलं असतं. माझ्या नवऱ्याचा आजार असाच कळला. तेव्हापासून त्यांची फाईल मी सांभाळते. आज ते रोज एक गोळी घेतात, कामावर जातात, आणि रक्तात विषाणू सापडत नाही.

या वाटेवर सगळ्यात जास्त छळतो तो गोंधळ. कोणती तपासणी आधी, कोणती नंतर, गोळी लगेच का देत नाहीत, इंटरनेटवर लिव्हरमधल्या रिसेप्टरबद्दल लिहिलंय ते आपल्याला लागू आहे का. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि आलेला रिपोर्ट कसा वाचायचा, एवढं इथून घेऊन जा.

१. नेमकं काय पॉझिटिव्ह आहे ते बघा

पहिल्या रिपोर्टवर बहुधा 'एचबीएसएजी' असं लिहिलेलं असतं. हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रथिन. ते रक्तात आहे म्हणजे विषाणू शरीरात आहे, एवढाच त्याचा अर्थ. लिव्हर किती बिघडलंय हे त्यावरून कळत नाही.

ही तपासणी कार्डवर झाली असेल तर ती एलायझा किंवा तत्सम पद्धतीने पुन्हा करून घ्या. तीही पॉझिटिव्ह आली तर पुढचा प्रश्न येतो: लागण नवी की जुनी? सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी टिकून राहिला तर त्याला क्रॉनिक, म्हणजे दीर्घकालीन, हिपॅटायटिस बी म्हणतात. लागण कोणत्या वयात झाली यावर इथे फार काही अवलंबून असतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत आजार कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला लागण झाली तर ९५ टक्क्यांहून अधिक वेळा शरीर स्वतःच विषाणू हटवतं. त्यामुळे चाळिशीत सापडलेला क्रॉनिक हिपॅटायटिस बी बऱ्याचदा लहानपणापासूनचा असतो. 'कुठून आणलास?' हा प्रश्न घरात कुणी विचारला, तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा. या एका प्रश्नाने संसार विस्कटलेले मी पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा तो प्रश्नच चुकीचा होता.

२. कुठे जायचं आणि सोबत काय न्यायचं

लिव्हरचे तज्ज्ञ म्हणजे हिपॅटॉलॉजिस्ट किंवा गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट. खासगी खर्च परवडत नसेल तर सरकारी वाट नीट उघडी आहे, ती वापरा. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली नेमलेल्या उपचार केंद्रांवर हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. ही केंद्रं मुख्यतः जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. केसपेपर काढताना 'हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे?' असं स्पष्ट विचारा. नुसतं 'कावीळ आहे' म्हणालात तर जनरल ओपीडीच्या रांगेत सकाळ जाईल.

सोबत असू द्या:

- आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट, मूळ प्रत
- गेल्या काही वर्षांतले रक्ताचे आणि सोनोग्राफीचे जे सापडतील ते रिपोर्ट. साध्या तापात काढलेला सीबीसीसुद्धा, कारण त्यातला प्लेटलेटचा आकडा पुढे कामाला येतो
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. मधुमेह, बीपी, थायरॉइड, आयुर्वेदिक काढे, जिमची पावडर, सगळं
- घरात कुणाला लिव्हरचा आजार, पोटात पाणी होणं किंवा लिव्हरचा कॅन्सर झाला होता का, याची चिठ्ठी

ही शेवटची चिठ्ठी घरीच लिहून काढा. ओपीडीत डॉक्टरांनी विचारल्यावर 'आत्याला काहीतरी पोटाचं होतं' यापलीकडे आठवत नाही, आणि उपचार सुरू करण्याच्या निर्णयात या माहितीला वजन असतं.

३. पहिल्या फेरीच्या तपासण्या

डॉक्टर साधारण या लिहून देतात: एचबीईएजी म्हणजे ई-अँटिजन (विषाणू जोमाने वाढत असताना रक्तात दिसणारं त्याचं आणखी एक प्रथिन) आणि त्याची प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने त्याविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी, एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, एसजीपीटी आणि एसजीओटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतात), बिलिरुबिन, अल्ब्युमिन, सीबीसी, रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर, किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी, आणि सोय असेल तिथे फायब्रोस्कॅन. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची तपासणी सोबत होते. हिपॅटायटिस डीची अँटीबॉडी तपासणी अनेकदा राहून जाते. डी हा विषाणू बीच्या आवरणाशिवाय पसरू शकत नाही, तो बी असलेल्यांनाच होतो आणि लिव्हर लवकर खराब करतो. तेव्हा 'डी बघायचा का?' हे एकदा विचाराच.

फायब्रोस्कॅनला घाबरू नका. सुई नाही, भूल नाही. उजव्या बरगडीच्या फटीत यंत्र टेकवून लिव्हर किती कडक झालंय हे मोजतात, आणि आकडा किलोपास्कलमध्ये येतो. त्याआधी किमान तीन तास काही खाऊ नका, भरल्या पोटी आकडा फुगतो. एसजीपीटी खूप वाढलेलं असताना केलेला फायब्रोस्कॅनही खोटा जास्त दाखवतो. असा रिपोर्ट हाती आला तर लगेच 'सिरॉसिस झाला', म्हणजे वण पडून लिव्हर कडक झालं, असं धरून बसू नका, सूज उतरल्यावर पुन्हा करायला सांगतात.

फायब्रोस्कॅन जवळपास नसेल तर लिव्हरवर किती वण पडलेत याचा अंदाज देणारं एप्री नावाचं गणित घरीही करता येतं. एसजीओटीला त्या लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, आणि प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने भागा. समजा एसजीओटी ६०, लॅबची मर्यादा ४०, प्लेटलेट दोन लाख म्हणजे २०० हजार. ६० भागिले ४० म्हणजे १.५, गुणिले १०० म्हणजे १५०, भागिले २०० म्हणजे ०.७५. आपल्याकडे प्लेटलेट लाखांत छापतात. ते हजारांत करायला विसरलात तर उत्तर पार चुकतं.

४. आकडे सुटे वाचू नका

सगळ्यात जास्त झोप उडवतो तो एचबीव्ही डीएनएचा आकडा. 'अठरा कोटी' असं वाचून माणूस हबकतो. पण तरुण वयात, ई-अँटिजन पॉझिटिव्ह असताना, कोट्यवधींचा आकडा असून लिव्हर अजून नीट असू शकतं. उलट एखाद्याचा आकडा काही हजारच असतो आणि लिव्हरवर वण पडत गेलेले असतात. विषाणू स्वतः लिव्हरची पेशी फारशी मारत नाही. त्याला हटवायला निघालेली आपली प्रतिकारशक्ती लागण झालेल्या पेशींवर तुटून पडते, आणि इजा मुख्यतः त्यातून होते. म्हणून डीएनए, एसजीपीटी आणि लिव्हरचा कडकपणा हे तीन आकडे शेजारी मांडूनच बघायचे.

दोन गोष्टी इथे नक्की तपासा. एक, डीएनएचं एकक. काही लॅब 'आययू प्रति मिली' देतात, काही 'कॉपीज प्रति मिली'. एक आययू म्हणजे साधारण पाच कॉपीज. गेल्या वेळचा रिपोर्ट एका एककात आणि या वेळचा दुसऱ्यात असेल तर आजार पाचपट वाढल्यासारखा दिसतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये करत राहा. दुसरं, एसजीपीटीची मर्यादा. लॅबच्या कागदावर ४० किंवा ५० पर्यंत 'नॉर्मल' छापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा धरते. तेव्हा ठळक अक्षरात नसलेला ३८ हा आकडाही डॉक्टरांना दाखवायचा.

५. गोळी आत्ता की नंतर

'आजार आहे तर औषध का नाही?' हा प्रश्न मीही डॉक्टरांना तावातावाने विचारला होता. उत्तर असं की सध्याच्या गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात, त्याला मुळासकट काढत नाहीत. पेशीच्या केंद्रकात विषाणू आपल्या डीएनएचं एक गोल, टिकाऊ रूप ठेवून देतो आणि गोळी तिथपर्यंत पोचत नाही. एकदा सुरू केलेली गोळी त्यामुळे बहुधा वर्षानुवर्षं चालते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये नियम बरेच सैल केले. प्रौढांना उपचार द्यावेत असे मुख्य प्रसंग हे:

- एप्री ०.५ पेक्षा जास्त किंवा फायब्रोस्कॅन ७ किलोपास्कलपेक्षा जास्त. इथे डीएनए कितीही असो
- डीएनए २,००० आययूपेक्षा जास्त आणि एसजीपीटी वर सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त
- सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस सी किंवा डी. घरात लिव्हरचा कॅन्सर किंवा सिरॉसिस. मधुमेह किंवा फॅटी लिव्हर. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणं
- डीएनए तपासणीची सोयच नसेल तर सतत वाढलेलं एसजीपीटी

भारतातले डॉक्टर आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही बघतात, त्यामुळे सीमेवरच्या रुग्णांबाबत दोन डॉक्टरांचं मत वेगळं येऊ शकतं. तुम्हाला 'सध्या थांबू' असं सांगितलं असेल तर ते 'विसरून जा' असं नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. इथेच खूप जण हातातून निसटतात. त्रास नाही म्हणून चार वर्षं फिरकत नाहीत आणि पोटात पाणी झाल्यावर येतात. पुढची तारीख फोनमध्ये लावा, आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्येही.

६. इंजेक्शन की गोळी, आणि लिव्हरमधल्या रिसेप्टरचा प्रश्न

रिपोर्ट आल्यावर रात्री जागून इंटरनेट चाळणाऱ्या प्रत्येकाला 'लिव्हरमधले रिसेप्टर जास्त असतील तर औषध लागू पडतं' अशा अर्थाचं काहीतरी सापडतंच. मग ती तपासणी कुठे होते याची शोधाशोध सुरू होते. हा भाग मी सविस्तर लिहिते आहे, कारण यावर सोप्या मराठीत फार कमी मिळतं आणि अर्धवट वाचनातून पैसे वाया जातात.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं, बाहेरचा ठराविक रेणू ओळखून पकडणारं प्रथिन. हिपॅटायटिसच्या गोष्टीत दोन वेगळ्या प्रकारचे रिसेप्टर येतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला आहे विषाणू आत शिरण्याचं दार. हिपॅटायटिस बी लिव्हरच्याच पेशींत का शिरतो हे अनेक दशकं कोडं होतं. २०१२ साली बीजिंगमधल्या वेनहुई ली यांच्या गटाने दाखवलं की ते दार म्हणजे एनटीसीपी नावाचं प्रथिन. त्याचं खरं काम रक्तातली पित्ताम्लं लिव्हरच्या पेशीत ओढून घेण्याचं. विषाणू आपल्या आवरणाचा एक भाग त्याला चिकटवून आत जातो. या शोधाने बुलेव्हर्टाइड या औषधाचं काम स्पष्ट झालं. ते एनटीसीपीवर जाऊन बसतं आणि दार अडवतं. बीचंच आवरण पांघरणारा डीसुद्धा याच दारातून येतो, म्हणून युरोपात २०२० साली हे औषध हिपॅटायटिस डीसाठी मंजूर झालं. रोज त्वचेखाली इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि पित्ताम्लं आत जाण्याची वाट अडल्याने रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं. फक्त बी असलेल्या रुग्णाच्या नेहमीच्या उपचारात हे औषध नाही.

दुसरा प्रकार इंटरफेरॉनच्या रिसेप्टरचा. इंटरफेरॉन हे शरीरातच तयार होणारं, विषाणूची वर्दी देणारं प्रथिन. औषध म्हणून ते इंजेक्शनने देतात. पेशीवर त्याला पकडणाऱ्या रिसेप्टरचे दोन भाग असतात, आयएफएनएआर-१ आणि आयएफएनएआर-२. इंटरफेरॉन तिथे बसलं की आत संदेश जातो आणि विषाणूशी लढणारी शेकडो जनुकं जागी होतात. साहजिकच १९९० च्या दशकात, विशेषतः जपानमध्ये, संशोधकांना प्रश्न पडला: ज्यांच्या लिव्हरमध्ये हे रिसेप्टर जास्त, त्यांना इंटरफेरॉन जास्त लागू पडतं का? क्रॉनिक हिपॅटायटिस सीच्या रुग्णांच्या लिव्हरचा तुकडा उपचाराआधी काढून त्यात रिसेप्टरच्या आरएनएचं प्रमाण मोजलं गेलं, आणि जास्त प्रमाण असलेल्यांत प्रतिसाद चांगला दिसला. तुम्हाला सापडणारे बरेच लेख याच काळातले आहेत.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढे असं दिसलं की इंजेक्शनआधीच ज्यांच्या लिव्हरमध्ये ही लढाऊ जनुकं जागी होती त्यांना इंटरफेरॉन कमी लागू पडत होतं. जागं झालेल्याला आणखी जागं करता येईना. म्हणजे नुसते रिसेप्टर मोजून भागत नव्हतं, आत काय चाललंय तेही महत्त्वाचं होतं. २००९ मध्ये आयएल-२८-बी या जनुकाजवळचा एक फरक सापडला, आणि हिपॅटायटिस सीमध्ये इंटरफेरॉनचा प्रतिसाद साध्या रक्ताच्या तपासणीवरून बऱ्यापैकी सांगता येऊ लागला. त्यानंतर चार-पाच वर्षांतच सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या आल्या. त्या विषाणूच्या स्वतःच्या यंत्रणेवर घाव घालतात, त्यांना इंटरफेरॉनच्या रिसेप्टरची गरजच नाही. त्यामुळे सीच्या उपचारात हा प्रश्न मागे पडला.

बीच्या रुग्णाला यातून काय घ्यायचं? टेनोफोविर आणि एन्टेकाविर या गोळ्या पेशीच्या आत विषाणूचं डीएनए बनवणारं विकर (एन्झाइम) अडवतात. त्यांचा परिणाम इंटरफेरॉनच्या रिसेप्टरवर अवलंबून नाही. गोळी घेणाऱ्याने रिसेप्टरची किंवा आयएल-२८-बीची तपासणी करून घेण्याचं काहीही कारण नाही. कुणी पॅकेजमध्ये ती खपवत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

पेगिलेटेड इंटरफेरॉनचा पर्याय बीमध्ये अजून आहे. आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे. ठराविक मुदतीत संपतं हा त्याचा मोठा गुण. ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी घटणं, मन खचणं हे त्रास. ई-अँटिजन पॉझिटिव्ह रुग्णांपैकी साधारण तीनात एकाला त्याने ई-अँटिजन जाण्याचा फायदा होतो. कुणाला द्यायचं हे डॉक्टर विषाणूचा जनुकप्रकार, एसजीपीटी आणि डीएनए यांवरून ठरवतात. प्रकार 'ए' असेल तर प्रतिसाद जास्त, 'डी' असेल तर कमी (हे बी विषाणूचेच प्रकार, हिपॅटायटिस ए किंवा डी नव्हे), आणि आपल्याकडे हे दोन्ही प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतात. १२ आठवड्यांनी एचबीएसएजीचं मोजमाप पुन्हा करतात. ते जराही उतरलं नसेल आणि डीएनएही नीट खाली आला नसेल तर, विशेषतः 'डी' प्रकारात, इंजेक्शन थांबवायचा विचार होतो. ही १२ आठवड्यांची तपासणी चुकवू नका. गरोदर स्त्री, बिघडलेला सिरॉसिस, तीव्र नैराश्य किंवा प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असे आजार असतील तर इंटरफेरॉन देत नाहीत.

७. गोळी सुरू झाल्यावर

टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम रोज एक. एन्टेकाविर बहुतेकांना ०.५ मिलिग्रॅम, तीही उपाशीपोटी: जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. रात्री झोपताना घेणं सोपं जातं. किडनी किंवा हाडांचा त्रास असेल तर टेनोफोविरचं नवं रूप, टीएएफ, २५ मिलिग्रॅम देतात. ते जेवणासोबत घ्यायचं. दोन्ही टेनोफोविरची नावं सारखी असल्याने दुकानात अदलाबदल होते. डबीवरचे मिलिग्रॅम दर वेळी वाचा.

पूर्वी कधी लॅमिव्हुडिन घेतलं असेल तर ते नक्की सांगा. त्याला विषाणू सहज सरावतो, पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत, आणि अशांना एन्टेकाविर नीट चालत नाही.

औषध लागू पडतंय हे कशावरून? आधी डीएनए खाली येतो, मग एसजीपीटी सुधारतं. ई-अँटिजन जायला वर्षं लागू शकतात. एचबीएसएजी जाणं दुर्मिळ, वर्षाला शंभरात एखादा किंवा त्याहूनही कमी. म्हणून 'दोन वर्षं गोळी खाऊनही पॉझिटिव्हच' म्हणून खचू नका. तो रिपोर्ट पॉझिटिव्हच राहणार आहे. डीएनए बघा. ई-अँटिजन निगेटिव्ह असलेल्यांत नियमित गोळीने वर्षभरात दहांपैकी सुमारे नऊ जणांचा डीएनए मोजता येणार नाही इतका खाली जातो.

लिव्हर सुधारतं का, हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टेनोफोविर सुरू करताना सिरॉसिस असलेल्या ९६ रुग्णांची पाच वर्षांनी पुन्हा बायोप्सी केली, तर ७१ जणांत सिरॉसिस उरला नव्हता. फ्रिजवर चिकटवावा असा हा आकडा आहे, आमच्याकडे तो चिकटवलेलाच आहे.

डीएनए शून्य आला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणं हा सगळ्यात महागडा सापळा. बंद केल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, विषाणू उसळतो. एसजीपीटी हजारांत जाऊ शकतं, आणि सिरॉसिस असेल तर जिवावर बेततं. गावी जाताना, लग्नसराईत, बदलीच्या धावपळीत खंड पडतो. किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी ठेवूनच पुढची डबी आणा.

डीएनए पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी, पुढे सहा ते बारा महिन्यांनी बघतात. टेनोफोविर चालू असेल तर क्रिएटिनिन सोबत. सिरॉसिस असेल, किंवा घरात लिव्हर कॅन्सरचा इतिहास असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, डीएनए शून्य असला तरीही.

८. घरच्यांची तपासणी

आई, भावंडं, जोडीदार, मुलं, सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी. निगेटिव्ह आणि लस न झालेल्यांना तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. जोडीदाराच्या बाबतीत शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं तपासा, १० पेक्षा जास्त हवीत.

गरोदर स्त्री पॉझिटिव्ह असेल तर प्रसूती रुग्णालयातच व्हायला हवी. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस, सोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. आईचा डीएनए दोन लाख आययूपेक्षा जास्त असेल तर गरोदरपणातच टेनोफोविर सुरू करतात. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक दवाखान्यात तयार नसतं, सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून सोय करून ठेवा. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

ताट-वाटी, पांघरूण, संडास वेगळं करायची गरज नाही. सोबत जेवल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याने वापरावं, आणि रक्तदान करू नये.

९. सी असेल तर

वाट छोटी आहे. अँटी-एचसीव्ही (सीविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आला तर एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तात सीचा विषाणू आहे का ते दाखवणारी तपासणी, करा, कारण बरे झालेल्यांचीही अँटीबॉडी आयुष्यभर राहते. आरएनए असेल तर सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटासव्हिर किंवा व्हेल्पाटासव्हिर, बहुतेकांना १२ आठवडे, आणि ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. संपल्यानंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करायचा, तो निगेटिव्ह आला की बरे झालात. सुरू करण्याआधी एचबीएसएजी केलाय ना हे विचारा. दोन्ही विषाणू असतील तर सी हटताना बी उसळू शकतो. ॲमिओडॅरोन हे हृदयाचं औषध, रिफाम्पिसिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

१०. ज्यांच्यापासून दूर राहायचं

पांढऱ्या काविळीवर, म्हणजे हिपॅटायटिस बीवर, तीन महिन्यांत रिपोर्ट निगेटिव्ह करून देतो म्हणणारे गावोगाव आहेत. गळ्यात माळ, नाकात थेंब, दंडावर डाग, सकाळी उपाशी पोटी मुळी. साधी हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ आपोआप बरी होते, त्याचं श्रेय या औषधांना मिळतं आणि तोच अनुभव सांगत लोक बीच्या रुग्णालाही तिकडे नेतात. काही मुळ्या लिव्हरला थेट इजा करतात. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांत लिव्हरला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी केली होती. सासूबाई प्रेमाने काढा देत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, पुढच्या भेटीला त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन जा.

आखाती देशांत जाणाऱ्यांना आणखी एक सापळा. तिथल्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर अनफिट ठरवतात, आणि गोळीने तो रिपोर्ट बदलत नाही. पैसे घेऊन 'फिट' करून देणाऱ्या एजंटाच्या नादी लागलात तर तिथे पोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि परत पाठवतात. पैसे, नोकरी, सगळं जातं. कोकणात घराघरांतून मुलगे तिकडे जातात, म्हणून हे निघण्याआधीच कळलेलं बरं.

दारू पूर्ण बंद. 'थोडी चालते का?' हा प्रश्न इथे नको. तेल-हळद-भाजी बंद करण्याची मात्र गरज नाही, साधं घरचं जेवण चालतं.

आणि कुठलाही डॉक्टर स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा संधिवाताची इंजेक्शनं सुरू करणार असेल तर पहिलं वाक्य हेच: मला हिपॅटायटिस बी आहे. या औषधांनी शांत बसलेला विषाणू उसळतो, आणि आधीपासून गोळी दिली तर तो बहुधा टळतो. दातांच्या डॉक्टरांनाही सांगा. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम, आणि शेवटच्या डीएनएची तारीख लिहून ठेवा. गाव किंवा शहर बदललं तर सध्याच्या केंद्राकडून पुढच्या केंद्राच्या नावे चिठ्ठी घ्या, आणि तिथली पहिली तारीख मिळेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या.